अँटिबॉडी नॉर्मल झाल्या, मग लघवीतून प्रोटीन अजून का जातंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धाकटी बहीण, वय 27, ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्तीच स्वतःच्या शरीरावर उलटण्याचा आजार. सहा महिन्यांपूर्वी किडनीची बायोप्सी झाली. रिपोर्टमध्ये 'वर्ग 4', काही ठिकाणी चंद्रकोरी आणि 'पांढऱ्या पेशींचा भरणा' असं लिहिलं होतं. स्टिरॉइड, मायकोफेनोलेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू झालं. आता डीएनएविरोधी अँटिबॉडी (स्वतःच्याच डीएनएवर चाल करणारी प्रथिनं) नॉर्मल, सी3 (रक्तातलं एक संरक्षक प्रथिन) नॉर्मल, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) 0.9 वर स्थिर. पण लघवीतलं प्रोटीन दिवसाला 3.4 ग्रॅमवरून 1.2 ग्रॅमवर आलं आणि तिथेच अडकलं. डॉक्टर दुसऱ्या बायोप्सीबद्दल बोलताहेत. तुम्ही विचारता, रक्तात सगळं शांत दिसतंय तर किडनी अजून का गळते, हे नेमक्या कोणत्या पेशी करतात, आणि तेवढ्याच पेशी बंद करता येत नाहीत का. शेवटी एक ओळ आहे: 'तिची प्रतिकारशक्ती कमी आहे की जास्त, हेच आम्हाला घरात कुणाला कळलेलं नाही.'

मी किडनीविकारतज्ज्ञ आहे आणि 22 वर्षं याच आजारांचे रुग्ण बघते आहे. त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण औषधं मध्येच सोडण्याचं मूळ बऱ्याच घरांत याच गोंधळात असतं.

प्रतिकारशक्ती हे एकच भांडं नाही, की ते भरलेलं आहे की रिकामं हे बघून सांगता येईल. आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि त्यांचा कचरा मॅक्रोफेज नावाच्या पेशी गिळून टाकतात. त्या कचऱ्यावर 'हे उचला' अशी खूण करायला सी1क्यू नावाचं एक प्रथिन असतं. काही मोजक्या लोकांत ते जन्मापासूनच नसतं, आणि अशा बहुतेकांना पुढे ल्युपस किंवा त्यासारखा आजार होतो. म्हणजे सफाईचं काम कमी पडलं म्हणून हल्ला वाढला. उचलला न गेलेला कचरा कुजत पडतो, त्यातला डीएनए उघडा पडतो, आणि एरवी पेशीच्या आत झाकलेली ही वस्तू पहारेकरी पेशींना विषाणूसारखी दिसते. त्या इंटरफेरॉन सोडतात, आणि इंटरफेरॉन म्हणजे सगळ्या पलटणीला उठवणारी हाक. हा डीएनए-आरएनए ओळखणाऱ्या यंत्रणेतला टीएलआर7 नावाचा एक जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. ल्युपसच्या दर 10 रुग्णांत 9 स्त्रिया असण्यामागे जी कारणं सांगितली जातात त्यांतलं हे एक. तेव्हा तुमच्या बहिणीची प्रतिकारशक्ती एका कामात अपुरी आहे, दुसऱ्या कामात अनावर आहे, आणि औषधांमुळे जंतुसंसर्गापुढे थोडी दुबळीही आहे. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणून 'प्रतिकारशक्ती वाढवणारं' म्हणून विकलं जाणारं काहीही तिला देऊ नका. त्यातलं नेमकं काय वाढेल हे देणाऱ्याला माहीत नसतं.

आता किडनीकडे. लोक म्हणतात, कुंपणानेच शेत खाल्लं. म्हण चपखल आहे, पण तिच्यामुळे एक गैरसमज होतो, की पांढऱ्या पेशी बिघडल्या आहेत. किडनीत शिरणाऱ्या बहुसंख्य पेशी आपलं नेहमीचंच काम करत असतात. कोणीतरी हाक मारली, त्या आल्या. ही हाक कुठून आली आणि पेशींना तिथपर्यंत पोहोचता आलं का, या दोन गोष्टींवर आजाराचं सगळं रूप ठरतं. हे मला सावकाश सांगू द्या, कारण तुमच्या 1.2 ग्रॅमचं उत्तर बहुधा इथेच आहे.

प्रत्येक किडनीत साधारण 10 लाख गाळण्या असतात. एक गाळणी म्हणजे सुमारे 0.2 मिलिमीटर व्यासाचा, बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. वाहिनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतून रक्ताला लागून सच्छिद्र अस्तर, मध्ये एक पातळ पडदा, मिलिमीटरचा सुमारे तीन हजारावा भाग इतका, आणि बाहेरून त्या पडद्याला बोटांसारख्या फांद्यांनी धरून बसलेल्या पोडोसाइट नावाच्या पेशी. अँटिबॉडी आणि तिचं लक्ष्य यांची गाठ होऊन जो गोळा बनतो, तो या भिंतीत कुठे साचतो हे महत्त्वाचं.

तो आतल्या अस्तराच्या लगेच मागे साचला, तर तो रक्ताच्या शेजारी असतो. तिथे कॉम्प्लिमेंटची, म्हणजे रक्तातल्या संरक्षक प्रथिनांची, साखळी पेटते. सी3 आणि सी4 तिच्यातच खर्च होतात म्हणून रक्तात कमी दिसतात. त्या साखळीतून सुटलेले तुकडे थेट रक्तात मिसळतात आणि वाहत जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना हाक ऐकू जाते. मग झुंबड उडते. बायोप्सीच्या वर्गवारीत वर्ग 3 आणि वर्ग 4 म्हणजे हे चित्र. पण तोच गोळा पडद्याच्या बाहेरच्या अंगाला, पोडोसाइटच्या पायाशी साचला, तर कॉम्प्लिमेंट तिथेही पेटतं, पण हाकेचे तुकडे लघवीत वाहून जातात आणि पांढऱ्या पेशी पडदा ओलांडून येत नाहीत. पोडोसाइट जखमी होतात, प्रोटीन भरपूर गळतं, आणि स्लाइडवर पाहावं तर पांढरी पेशी जवळजवळ एकही नाही. हा वर्ग 5. ल्युपस नसलेल्या लोकांत याच धाटणीचा मेम्ब्रेनस नावाचा आजार होतो, आणि त्यातल्या सुमारे 70 टक्के रुग्णांत पोडोसाइटवरच्याच एका प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी असते, हे 2009 मध्ये उघड झालं. तोपर्यंत आम्ही शिकवताना 'कारण अज्ञात' असंच म्हणत असू.

तेव्हा पहिलं काम: बहिणीचा जुना रिपोर्ट काढा आणि त्यात नुसतं '4' आहे की '4 अधिक 5' आहे ते बघा. हा जोड बऱ्याचदा एखाद्या ओळीत असतो आणि सांगताना राहून जातो. असेल, तर पेशींची झुंबड ओसरली तरी पाचव्या वर्गाचं गळणं सावकाशच ओसरतं. त्याला वर्षभर किंवा त्याहूनही जास्त लागू शकतं.

आता पेशी. सगळ्यांत आधी पोहोचतात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. अस्थिमज्जा रोज सुमारे 100 अब्ज न्यूट्रोफिल तयार करते आणि रक्तात त्या फार तर दिवसभर राहतात. त्यांचं काम जंतू गिळून आत जाळणं. पण इथे गिळायचं काय? गोळा भिंतीला चिकटलेला, आणि भिंत काही गिळता येत नाही. न्यूट्रोफिल तिच्यावर अंग टेकते, पसरते, आणि पोटातली सगळी विकरं (जंतू पचवणारी एन्झाइम) बाहेरच ओतते. मायक्रोस्कोपखाली हे दृश्य मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते शिकत असताना, माझ्या पॅथॉलॉजीच्या शिक्षकांनी स्लाइडवर एकाच वाहिनीवर भिंग आणून ठेवलं तेव्हा. वाहिनीची पोकळी दिसतच नव्हती. तीन-चार खंडांच्या केंद्रकांच्या पेशी एकमेकींना खेटून बसल्या होत्या, आणि एका जागी भिंतीची रेघ तुटून गुलाबी फायब्रिन, म्हणजे रक्त गोठवणारं तंतुमय प्रथिन, बाहेर सांडलेलं होतं. ते म्हणाले, 'या पेशी उद्या मरतील. ही तुटलेली रेघ मात्र राहील.' प्रत्येक रिपोर्ट वाचताना मला ते वाक्य आठवतं. शिवाय मरताना न्यूट्रोफिल कधी कधी स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात. जंतू पकडायला हे उत्तम, पण ल्युपसमध्ये तो आणखी उघडा डीएनए ठरतो आणि चक्र पुन्हा फिरू लागतं.

भिंत फुटून फायब्रिन गाळणीबाहेरच्या पोकळीत आलं, की मागोमाग मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जातात आणि तिथे मॅक्रोफेज बनतात. पोकळीच्या अस्तराच्या पेशीही वाढू लागतात. दोन्ही मिळून गाळणीला एका बाजूने दाबणारा जो थर तयार होतो, तीच रिपोर्टमधली चंद्रकोर. ती ताजी, पेशींची असेल तर औषधाने विरघळू शकते. काही आठवडे-महिने गेले आणि तिच्यात तंतू भरले, की ती गाळणी कायमची गेली. म्हणूनच तुमच्या डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यात शिरेतून स्टिरॉइड देण्याची घाई केली असणार.

मॅक्रोफेजबद्दल थोडं जास्त बोलते, कारण माझ्या मते या कथेत खरं वजन त्यांचं आहे. न्यूट्रोफिल येतात आणि मरतात, मॅक्रोफेज राहतात. त्याच पेशी सुरुवातीला जाळपोळ वाढवतात आणि परिस्थिती निवळली की मलबा उचलून दुरुस्ती करतात. दुरुस्ती लांबली की दुरुस्तीच व्रण बनते. म्हणजे 'मॅक्रोफेज दिसल्या' एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. त्या कोणत्या अवस्थेत आहेत हे कळावं लागतं, आणि नेहमीच्या बायोप्सीत ते पूर्ण दिसत नाही. त्यांच्या अंगावरून सुटणारं सीडी163 नावाचं प्रथिन गाळण्यांत आग, म्हणजे दाह, चालू असताना लघवीत वाढतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. त्यामुळे पुढे कधीतरी हा प्रश्न बायोप्सीच्या सुईशिवाय सुटेल अशी मला खरी आशा आहे.

टी पेशी म्हणजे हल्ल्याला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांचा वावर गाळणीपेक्षा तिच्या अवतीभवती, गाळलेलं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या मधल्या जागेत जास्त. रुग्ण आणि नातेवाईक रिपोर्टमधला हा भाग वाचतच नाहीत, आणि पूर्वी आम्हीही त्याला कमी लेखत होतो. पण किडनी दहा वर्षांनी किती उरेल, याचा अंदाज पुष्कळदा गाळण्यांपेक्षा या मधल्या जागेवरून जास्त नीट बांधता येतो. 2019 मध्ये ल्युपसच्या रुग्णांच्या किडनीतल्या पेशी एकेक सुट्या करून वाचल्या गेल्या, तेव्हा पांढऱ्या पेशींचे 21 उपप्रकार सापडले. टी पेशी, बी पेशी, मॅक्रोफेज, सगळ्यांच्या पोटजाती. बहुतेकांवर इंटरफेरॉनची छाप होती. आणि बी पेशी, ज्यांच्यापासून अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार होतात, त्या किडनीच्या आतच सक्रिय होत असल्याच्या खुणा दिसल्या.

ही शेवटची गोष्ट तुमच्या प्रश्नाला थेट लागू आहे. रक्त तपासून जे दिसतं ते रक्तातलं. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी थंडावल्या तर डीएनएविरोधी अँटिबॉडी घटते, कॉम्प्लिमेंट खर्च व्हायचं थांबतं आणि सी3 वर येतो. पण नळ्यांच्या मध्ये तळ ठोकून बसलेल्या टी पेशी आणि मॅक्रोफेज यांना रक्तातून येणाऱ्या अँटिबॉडीची रोजची गरज असतेच असं नाही. त्या एकमेकींना हाक मारत राहू शकतात. रक्त शांत आणि किडनी तापलेली, असं मी पाहिलंय. रक्तात अँटिबॉडी भरपूर आणि किडनी पूर्ण निवांत, असंही पाहिलंय, आणि ते इतकं दुर्मीळ नाही.

मग नेमक्या त्याच पेशी का बंद करत नाहीत? प्रयत्न तोच चालू आहे. मायकोफेनोलेट हे त्यातलं जुनं आणि चांगलं उदाहरण: वाढताना लागणारा एक कच्चा माल टी आणि बी पेशींना मुख्यतः एकाच वाटेने मिळतो, ती वाट हे औषध अडवतं, बाकीच्या बऱ्याच पेशींना दुसरी वाट असते म्हणून त्या निभावतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन डीएनए-आरएनएची हाक दबवतं. टॅक्रोलिमस, व्होक्लोस्पोरिन टी पेशींना आवरतात आणि पोडोसाइटचा सांगाडाही सावरतात, त्यामुळे त्यांनी प्रोटीन उतरलं तर ते आग विझल्यामुळे की गाळणी घट्ट झाल्यामुळे, हे बघावं लागतं. बेलिमुमॅब बी पेशींचं पोषण तोडतं; ल्युपस नेफ्रायटिससाठी, म्हणजे ल्युपसच्या किडनीविकारासाठी, त्याला 2020 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. रिटुक्सिमॅब बी पेशी मारतं, पण अँटिबॉडी ओतणाऱ्या मुरलेल्या प्लाझ्मा पेशींवर त्याचं लक्ष्यच नसतं, आणि ऊतींच्या आत दडलेल्या बी पेशीही सगळ्या मरत नाहीत. बी पेशी मुळापासून काढल्या तर काय होतं, हे जर्मनीतल्या एर्लांगेनच्या गटाने दाखवलं. त्यांनी 2021 मध्ये 20 वर्षांच्या एका रुग्ण मुलीला तिच्याच टी पेशी, बी पेशींना मारतील अशा बदलून, परत दिल्या आणि तिचा आजार शमला. पुढच्या रुग्णांतही काही महिन्यांनी नव्या बी पेशी आल्या, पण आजार परतला नाही. मला ही बातमी फार मोठी वाटते. तरी ते उपचार अजून चाचण्यांच्या टप्प्यावर आहेत आणि औषधांना नीट प्रतिसाद देणाऱ्या रुग्णासाठी आज ती वाट नाही. जुन्या औषधांत अजूनही सुक्याबरोबर ओलं थोडं जळतंच, म्हणून आम्ही डोस शक्य तितक्या लवकर उतरवतो, विशेषतः स्टिरॉइडचा.

आता 1.2 ग्रॅम. माझ्या डोक्यात तीन शक्यता येतात. एक, किडनीत अजून आग आहे आणि ती रक्तात दिसत नाही. दोन, आग विझली आहे, भिंत अजून सांधायची आहे. पोडोसाइट जवळजवळ विभागत नाहीत, उरलेल्यांनाच पसरून जागा झाकावी लागते, आणि याला महिने लागतात. तीन, काही गाळण्यांत व्रण झाला आहे आणि उरलेल्यांवर जास्तीचा भार पडून त्या गळताहेत. पहिलीत औषध वाढवायचं, दुसरीत धीर धरायचा, तिसरीत रक्तदाब आणि गाळणीतला दाब उतरवणारी औषधं नेटाने द्यायची आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं उगाच वाढवायची नाहीत. लघवीच्या आकड्यावरून या तिन्ही वेगळ्या करता येत नाहीत. डॉक्टर सुईचं नाव काढताहेत ते यासाठी.

पण घाई आहे का, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. साधारण अपेक्षा अशी असते: तीन महिन्यांत प्रोटीन किमान 25 टक्के उतरावं, सहा महिन्यांत निम्मं, आणि वर्षभरात 0.5 ते 0.7 ग्रॅमच्या खाली यावं. सुरुवात मोठ्या आकड्यापासून झाली असेल तर आणखी सहा ते बारा महिने देतात. 3.4 वरून 1.2 म्हणजे निम्म्याहून बरंच खाली. आकडा 'अडकला' असं तुम्ही म्हणता, पण किती काळ? दोन तपासण्यांत तेवढाच आला तर त्याला मी अडकणं म्हणणार नाही. तीन महिने तसाच राहिला तर म्हणेन.

मी स्वतः आधी ताजी लघवी बघते, तीही दिल्यापासून तासाभरात. नमुना फिरवून तळाचा थेंब भिंगाखाली घेतला की लाल पेशी दिसतात का, आणि कशा दिसतात, ते कळतं. गुळगुळीत गोल असतील तर त्या खालून, मूत्रमार्गातून आलेल्या असू शकतात. वेड्यावाकड्या, कडेला फुगे आलेल्या असतील, किंवा नळीच्या साच्यात घट्ट बसून लांबट कांडीसारख्या आल्या असतील, तर त्या फाटलेल्या गाळणीतून पिळवटून आल्या आहेत, म्हणजे आग चालू आहे. यंत्राने छापलेल्या रिपोर्टमध्ये हा फरक बहुधा येत नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा, 'लघवीत लाल पेशी आहेत का, आणि त्या गाळणीतल्या वाटतात का?' नसतील, क्रिएटिनिन स्थिर असेल आणि जुन्या रिपोर्टमध्ये पाचवा वर्ग असेल, तर मी आणखी तीन महिने थांबेन. असतील, किंवा क्रिएटिनिन 0.9 वरून 1.1 कडे सरकू लागलं, तर थांबणार नाही. 1.1 हा आकडा छापील मर्यादेत बसतो म्हणून दुर्लक्ष होतं, पण तिच्यासाठी ती वाढ आहे.

त्याआधी एक अवघड प्रश्न तिला एकटीला, रागावल्याशिवाय विचारा: गोळ्या रोज जाताहेत ना? स्टिरॉइडने चेहरा सुजतो, मायकोफेनोलेटने पोट बिघडतं, आणि 27 व्या वर्षी हे सोसणं सोपं नसतं. डोस चुकत असतील तर ते डॉक्टरांना कळू द्या. औषध कमी पडतंय असं समजून त्याहून जहाल औषध दिलं जाणं, ही टाळता येण्यासारखी चूक आहे आणि ती माझ्या हातूनही झाली आहे. मायकोफेनोलेट चालू असताना गर्भधारणा टाळायलाच हवी, बाळात गंभीर दोष होतात. पुढे मूल हवं असेल तर डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवावं, औषध बदलून, आजार शांत झाल्यावर नियोजन करता येतं. आणि आकडे चांगले आले तरी औषधं एकूण किमान तीन वर्षं चालतात. तळ ठोकलेल्या पेशी लगेच उठून जात नाहीत, हे त्याचं कारण.

बायोप्सी ठरलीच, तर तिची मर्यादाही माहीत असू द्या. सुईत येतो तो दोऱ्याएवढा तुकडा. 10 लाख गाळण्यांपैकी दहा-वीस दिसल्या तरी तुकडा चांगला म्हणायचा. रिपोर्टमध्ये वर्गापेक्षा दोन आकडे आधी शोधा: 24 पैकी सक्रियता (चालू आग) किती आणि 12 पैकी जीर्णता (कायमचा व्रण) किती. पहिल्या बायोप्सीतलेही हेच दोन आकडे शेजारी लिहून घ्या. सक्रियता 14 वरून 2 वर आली आणि जीर्णता होती तिथेच राहिली, तर 1.2 ग्रॅमला घाबरायचं कारण नाही. सक्रियता 8 वर असेल तर रक्ताचे रिपोर्ट कितीही चांगले असोत, उपचार बदलावा लागेल. आणि नळ्यांच्या मधल्या जागेबद्दल जे दोन शब्द लिहिलेले असतील, ते डॉक्टरांना मोठ्याने वाचून समजावून द्यायला सांगा.